नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर नोकरी वाचवायची कशी? पहिल्या अर्जापासून उच्च न्यायालयापर्यंत

“तुम्ही आता या कामाला अनफिट आहात” असं कार्यालयातून तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला सांगितलं गेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अपघात, पक्षाघात, मधुमेहाने गेलेली नजर, कमी झालेलं ऐकू येणं, मानसिक आजार, कारण कोणतंही असो. नोकरी लागल्यानंतर अपंगत्व आलं म्हणून सरकारी किंवा निमसरकारी आस्थापना तुम्हाला घरी पाठवू शकत नाही, असं आपल्या देशाचा कायदा सांगतो.

मी एका निमसरकारी आस्थापनेत फिरतीच्या पदावर होतो. कण्याच्या दुखापतीनंतर मला ‘सेवेस अपात्र’ ठरवण्यात आलं आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मी दुसऱ्या पदावर, त्याच वेतनश्रेणीत रुजू झालो. त्या काळात मला एक गोष्ट नीट कळली. न्यायालयात प्रकरण उभं राहतं ते मोजक्या कागदांवर, आणि त्यातले महत्त्वाचे कागद पहिल्या काही आठवड्यांतच तयार होतात, म्हणजे आपण दवाखान्यात किंवा अंथरुणात असतो तेव्हा. म्हणून या लेखात वकिलाकडे जाण्याआधीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

## १. तुमची आस्थापना कायद्यात कुठे बसते ते पाहा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातलं कलम २०(४) तुमच्या कामाचं आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढता येत नाही आणि त्याची पदावनतीही करता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, अधिसंख्य पदावर (मंजूर पदांव्यतिरिक्त तयार केलेल्या जादा पदावर) ठेवायचं.

हे कलम ‘शासकीय आस्थापने’ला लागू होतं, आणि या शब्दांवर बरेच जण अडतात. फक्त मंत्रालय आणि कलेक्टर कचेरी म्हणजे शासकीय आस्थापना नव्हे. कायद्याने स्थापन झालेली महामंडळं, सरकारी कंपन्या, महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्थाही व्याख्येत येतात. खाजगी संस्थेच्या अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला “आपली संस्था खाजगी आहे, आपल्याला हे लागू नाही” असं सांगितलं जाताना मी पाहिलं आहे. ते खरं नाही.

पूर्ण खाजगी कंपनीत असाल तर कलम २०(४) थेट उपयोगाचं नाही. पण अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करू नये हे कलम ३ आणि समान संधी धोरण ठेवावं हे कलम २१ खाजगी आस्थापनांनाही लागू आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात कामाच्या ठिकाणच्या सोयी, बदली-नेमणुकीतलं प्राधान्य, विशेष रजा आणि या सगळ्याकडे पाहणारा संपर्क अधिकारी यांचा उल्लेख असायला हवा. एचआरला लिहिताना या धोरणाची प्रत मागण्यापासूनच सुरुवात करा.

एक अपवाद लक्षात ठेवा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या लढाऊ पदांना केंद्र सरकारने २०२१ मध्ये कलम २० मधून सूट दिली आहे. तिथे असाल तर सुरुवातीपासूनच वकिलाचा सल्ला घ्या.

## २. कोणत्याही कागदावर घाईने सही करू नका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. सहकारी, कधी कधी साहेबसुद्धा, चांगल्या भावनेनेच सांगतात : “स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका, पेन्शन सुरू होईल, मुलाला अनुकंपावर लावू.” घरात उत्पन्न थांबलेलं असतं, औषधांचा खर्च असतो, आणि माणूस सही करतो.

थांबा. राजीनामा, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, रुग्णता निवृत्तिवेतनाचा (आजारपणामुळे सेवेस अपात्र ठरल्यावर मिळणाऱ्या पेन्शनचा) अर्ज, “मला हलक्या पदावर, कमी वेतनात काम करणे मान्य आहे” असं संमतिपत्र, यांतलं काहीही कलम २०(४) खाली पर्यायी पद लेखी मागितल्याशिवाय देऊ नका.

आधीच सही झाली असेल तरी आशा सोडू नका. भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ या प्रकरणात एका साहाय्यक लाइनमनची दृष्टी पूर्ण गेली होती. त्याने निवृत्ती मागणारं पत्र दिलं आणि मंडळाने ते मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की कायद्याचं संरक्षण माहीत नसलेल्या माणसाच्या अशा पत्राचा फायदा मालकाला घेता येणार नाही. त्याचे हक्क त्याला समजावून सांगणं हे मंडळाचं कर्तव्य होतं. त्या माणसाला सेवेत मानून लाभ देण्याचा आदेश झाला. त्याआधी, कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या २००३ च्या निकालात पाय गमावलेल्या जवानाला रुग्णता निवृत्तिवेतन मिळतं, एवढ्यावरून नोकरीचं संरक्षण नाकारता येत नाही असं ठरलं. हे दोन्ही निकाल १९९५ च्या जुन्या कायद्याच्या कलम ४७ वर आहेत. आजच्या कलम २०(४) मध्ये तेच संरक्षण पुढे आलं आहे, त्यामुळे ते आजही दाखवले जातात.

## ३. दोन वेगळी प्रमाणपत्रं लागतात

पहिलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या विशेष ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, त्यानुसार जिल्हा रुग्णालयात तपासणी होते आणि प्रमाणपत्र व कार्ड मिळतं. त्यात टक्केवारी असते.

दुसरं, कामाच्या पात्रतेबद्दलचं वैद्यकीय मंडळाचं मत. हे आस्थापना मागते. तुमचं पुढचं सगळं या दुसऱ्या कागदातल्या एका वाक्यावर ठरू शकतं. ‘सेवेस कायमस्वरूपी अपात्र’ असा शेरा आला तर भांडण अवघड होतं. ‘चालक पदास अपात्र, बैठ्या कामास पात्र’ असा शेरा आला तर कलम २०(४) चा पायाच तयार होतो. म्हणून मंडळापुढे जाताना एक छोटा अर्ज सोबत न्या : “मी सध्याच्या पदासाठी अपात्र असल्यास, मी कोणत्या स्वरूपाचे काम करू शकतो याचा स्पष्ट उल्लेख अहवालात करावा ही विनंती.” त्याची पोच घ्या. तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनही तुम्हाला काय काय करता येतं याचं पत्र घ्या. काय करता येत नाही हे सगळेच लिहितात.

टक्केवारीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. कलम २०(४) च्या शब्दांत ४० टक्के कुठेही नाहीत. कार्यालयाने “तुमचं अपंगत्व ३५ टक्केच आहे” असं सांगून अर्ज परत केला, तर कलमाची प्रत जोडून तोच अर्ज पुन्हा द्या.

## ४. पर्यायी पदाचा अर्ज असा लिहा

अर्ज लांब नको. एका पानात बसवा. नमुना असा :

विषय : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) अन्वये समकक्ष पर्यायी पदावर समायोजन करण्याबाबत.

महोदय / महोदया,
मी आपल्या आस्थापनेत (पदनाम) या पदावर दिनांक ... पासून कार्यरत आहे. सेवेत असताना दिनांक ... रोजी मला (अपंगत्वाचा प्रकार) अपंगत्व आले आहे. वैद्यकीय मंडळाच्या दिनांक ... च्या अहवालानुसार मी सध्याच्या पदाचे काम करू शकत नाही. मात्र (कामाचे स्वरूप) असे काम करू शकतो / शकते. तरी मला त्याच वेतनश्रेणीत व सेवालाभांसह पर्यायी पदावर समायोजित करावे. असे पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर सामावून घ्यावे. निर्णय होईपर्यंतचा कालावधी सेवाकाल धरून वेतन चालू ठेवावे. मी कामावर हजर राहण्यास तयार आहे.

शेवटचं वाक्य काढू नका. कामावर यायची तयारी लेखी नसेल तर तोच काळ ‘अनधिकृत गैरहजेरी’ म्हणून सेवापुस्तकात जातो आणि वर विभागीय चौकशी लागते. रजा संपत आली असेल तर रजावाढीचा अर्जही वेळेत द्या. शक्य असेल त्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन हजेरीचं पत्र द्या आणि आवकचा शिक्का घ्या. आवक शाखा घेत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा, शिवाय कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवरही टाका.

सोबत ही फाईल तयार ठेवा. मूळ कागद घरी, सगळीकडे फक्त प्रती :

- नियुक्ती आदेश, कायम केल्याचा आदेश, शेवटची वेतनचिठ्ठी
- सेवापुस्तकाच्या संबंधित पानांच्या प्रती
- अपघात किंवा आजाराचे कागद : डिस्चार्ज कार्ड, एमआरआय वगैरे अहवाल, ड्युटीवर अपघात झाला असल्यास त्याची कार्यालयीन नोंद
- अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड
- वैद्यकीय मंडळाचा अहवाल
- दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच, स्पीड पोस्टची पावती
- कार्यालयाकडून आलेलं प्रत्येक पत्र, त्याच्या पाकिटासह, कारण पाकिटावरची तारीख मुदतीच्या वादात कामी येते

याशिवाय एका वहीत तारीखवार घडामोडी लिहीत जा. कुणाशी काय बोलणं झालं तेही. याचिकेतला घटनाक्रम वकील याच वहीवरून बनवतो.

## ५. रिक्त पदांची माहिती आधीच मिळवा

“आमच्याकडे पदच नाही” हे उत्तर येणारच. म्हणून अर्जाबरोबरच माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागा : तुमच्या वेतनश्रेणीतली मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, संवर्गनिहाय, मागच्या पाच वर्षांत किती कर्मचाऱ्यांना पर्यायी पद दिलं आणि कोणतं, नावांशिवाय, आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं पदनाम, समान संधी धोरणाची प्रत.

कायद्याप्रमाणे पद शोधण्याची जबाबदारी आस्थापनेची आहे, तुमची नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या एका चालकाच्या प्रकरणात हेच ठळकपणे सांगितलं. रंगांधळेपणामुळे त्याला वैद्यकीय कारणावरून निवृत्त केलं होतं आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निकाल त्याच्या विरोधात दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. निवृत्त करण्याआधी दुसरं काम शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाल्याचं महामंडळाला दाखवता आलं नव्हतं. त्याला योग्य पदावर घेण्याचा आणि मधल्या काळाच्या थकबाकीपैकी २५ टक्के देण्याचा आदेश झाला. तो २५ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा. नोकरी परत मिळते, पण पूर्ण थकबाकी मिळेलच असं नाही, म्हणून उशीर परवडत नाही.

## ६. कमी पद दिलं तर काय करायचं

बऱ्याचदा पर्यायी पद मिळतं, पण खालच्या वेतनश्रेणीत. तंत्रज्ञाला शिपाई करतात, चालकाला पहारेकरी. हे कायद्याविरुद्ध आहे. तरीही घरी बसू नका. रुजू व्हा, आणि रुजू अहवालातच लिहा : “माझे कलम २०(४) अन्वये असलेले हक्क अबाधित ठेवून, निषेधासह रुजू होत आहे.” पगार सुरू राहतो आणि भांडण्याचा हक्कही.

पद बरोबर असेल पण जागा अडचणीची असेल, उदाहरणार्थ तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, तर वाजवी सोयी मागा. तळमजल्यावरचं टेबल, वापरता येईल असं स्वच्छतागृह, संगणकावर स्क्रीन वाचून दाखवणारी प्रणाली, उपचारांसाठी लवचीक वेळ, सांकेतिक भाषेचा दुभाषी, हे सगळं त्यात येतं. २०१७ च्या नियमांनुसार या सोयींचा खर्च पूर्ण किंवा अर्धाही कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी सोय प्रत्येक माणसाच्या गरजेप्रमाणे ठरते. म्हणून अर्जात “योग्य त्या सुविधा द्याव्यात” असं मोघम लिहू नका. काय हवं ते एकेक करून लिहा.

## ७. उत्तर आलं नाही तर : अधिकारी, मग आयुक्त

शासकीय आस्थापनेत कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. त्याने तक्रार नोंदवहीत घ्यायची आणि नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं.

त्यापुढे राज्याचे दिव्यांग आयुक्त. महाराष्ट्रात आयुक्तालय पुण्यात आहे. केंद्राच्या आस्थापनांसाठी दिल्लीत मुख्य आयुक्त आहेत. इथे वकील लागत नाही. साध्या कागदावर तक्रार आणि प्रती पुरतात. आयुक्त आस्थापनेला बोलावून कागद मागवू शकतात, आणि अनेकदा एवढ्यानेच फाईल हलते. पण त्यांच्याकडून निघते ती शिफारस. आस्थापनेने ती मान्य केली नाही तर तीन महिन्यांत कारणं कळवायची असतात. म्हणून पगार बंद झाला असेल किंवा सेवामुक्तीचा आदेश हातात पडला असेल, तर फक्त आयुक्तांच्या भरवशावर थांबू नका. दुसरीकडची मुदत निघून जाते.

## ८. योग्य दार कोणतं

इथे चुकलं तर महिने वाया जातात, कारण चुकीच्या ठिकाणी दाखल केलेली याचिका “पर्यायी उपाय उपलब्ध आहे” एवढ्या एका वाक्यात परत येते.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जायचं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पीठं आहेत. केंद्राच्या कर्मचाऱ्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये. दोन्हीकडे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. तिथे हरल्यावर उच्च न्यायालय. अनुदानित खाजगी शाळेतून काढलं असेल किंवा पदावनत केलं असेल तर शाळा न्यायाधिकरण, आणि मुदत फक्त ३० दिवस. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत. ते उच्च न्यायालयात जातात. महामंडळांचे कर्मचारीही कलम २०(४) साठी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करू शकतात. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी कोल्हापुरातही कामकाज चालतं.

वकिलाच्या खर्चाने घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अपंगत्व प्रमाणपत्रासह अर्ज करा.

## ९. याचिकेत काय मागायचं ते स्वतः वाचून पाहा

वकील कितीही चांगला असला तरी मागण्यांचं पान स्वतः वाचा. न मागितलेलं सहसा मिळत नाही. या मागण्या आहेत ना ते बघा : सेवामुक्तीचा किंवा अर्ज फेटाळल्याचा आदेश रद्द करावा, त्याच वेतनश्रेणीत पर्यायी पद, नसल्यास अधिसंख्य पद द्यावं, मधल्या काळाचं वेतन, वेतनवाढी, ज्येष्ठता आणि सेवेतलं सातत्य द्यावं, आणि अंतिम निकालापर्यंत अंतरिम आदेशाने काम किंवा वेतन सुरू करावं. अंतरिम मागणी राहून गेली तर निकालापर्यंतची सगळी झळ घराला सोसावी लागते.

तुमच्यासारख्याच पदावरच्या कर्मचाऱ्याला तुमच्याच उच्च न्यायालयाने दिलासा दिल्याचा निकाल मिळाला तर त्याचं वजन मोठं. ई-कोर्ट्सच्या निकाल शोधण्याच्या संकेतस्थळावर ते मोफत वाचता येतात. शोधताना कायद्याचं नाव, ‘कलम २०(४)’ किंवा ‘कलम ४७’ आणि तुमचं पदनाम इंग्रजीत टाका. बातमीचं कात्रण वकिलाला देऊ नका. निकालाची प्रत द्या आणि शेवटच्या परिच्छेदांतला प्रत्यक्ष आदेश आधी वाचा. बातमीत “न्यायालयाचा दणका” असतो आणि आदेशात फक्त “अर्जावर सहा आठवड्यांत निर्णय घ्यावा” एवढंच असतं, असं अनेकदा दिसेल.

तुमच्या बाबतीतही असाच ‘निर्णय घ्या’ एवढाच आदेश होऊ शकतो. तसं झालं तर आदेशाच्या प्रतीसह नवा अर्ज त्याच आठवड्यात द्या, म्हणजे मुदत मोजायला लागते.

## १०. निकाल लागल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत घ्या, आस्थापनेच्या प्रमुखाला पत्रासह द्या, पोच ठेवा. विरुद्ध बाजू वर जाईल अशी शंका असेल तर सर्वोच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणार नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, नंतर पुन्हा दाखल करावं लागतं. मुदत संपूनही रुजू करून घेतलं नाही तर अवमान याचिका करता येते, तीही एक वर्षाच्या आत.

रुजू झाल्यावर पहिल्या पगाराची चिठ्ठी जुन्या चिठ्ठीशी ताडून पाहा : मूळ वेतन, वेतनवाढीची तारीख, भविष्य निर्वाह निधीची कपात. मग आस्थापना शाखेत जाऊन सेवापुस्तक मागा. मधला काळ ‘सेवाकाल’ म्हणून नोंदला आहे की ‘असाधारण रजा’ म्हणून, ते स्वतः डोळ्यांनी पाहा आणि त्या पानाची प्रत घ्या. नोंद चुकीची असेल तर आदेशातला परिच्छेद क्रमांक देऊन दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या, कारण निवृत्तिवेतनाचा हिशोब त्याच नोंदीवरून होतो.